दोन रेघा खाली

"आक्का, तुमची गच्ची हवी आहे."

"हवी आहे, की मिळेल का?"

वैजूने क्षणभर विचार केला. "मिळेल का. पण हवी तर आहेच."

माझ्या पायरीखाली पाच मुले उभी होती आणि पाचांच्याही हातांत घरोघरची अडगळ होती. गळा कापलेल्या बाटल्या, कागदी पेले, सायकलच्या चाकाची तार, पुठ्ठ्याचा बाण, दोऱ्याचे रिकामे रीळ. सर्वांत पुढे ही. वय दहा, दोन घट्ट वेण्या, फ्रॉकच्या खिशातून डोकावणारी पेन्सिल. हिचे वडील शेटेसर आदल्याच वर्षी बार्शीच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवण्यासाठी रुजू झाले होते आणि शिक्षक कॉलनीतल्या शेवटच्या घरात राहत होते. आई सोलापूरला रुग्णालयात परिचारिका होती. रविवारी तेवढी येई.

"कशाला हवी?"

"हवामान केंद्र करायचंय. वारा कुठून येतो, किती जोरात येतो, पाऊस किती पडला, सगळं मोजायचं. बाबा म्हणाले, सगळ्यांत मोकळी गच्ची शोधा. ती तुमची."

हे मात्र खरे होते. कॉलनीत घरे बारा, पण गच्ची म्हणावी अशी माझीच. त्यामुळे चैत्र-वैशाखात बाराही घरांची वाळवणे माझ्याकडे पडत. कोणाच्या सालपापड्या कोणत्या कोपऱ्यात, कोणाचे सांडगे कोणत्या चादरीवर, राखणीला कोणी बसायचे आणि किती वाजेपर्यंत, हे मी ठरवी. माझ्या शब्दाबाहेर त्या गच्चीवर कधी एक शेवई वाळली नाही. माझे यजमान त्याच शाळेचे मुख्याध्यापक होते. ते हयात असताना म्हणत, "यमुनाबाईंच्या हातून चूक झाली, तर ती पंचांगात छापून येईल." लोक हसत. मी हसत नसे, कारण मला त्यात काही चुकीचे वाटत नसे.

"ईशान्येचा कोपरा मिळेल," मी म्हणाले. "पापडांवर पाय पडला, तर तुमच्या केंद्रासकट सगळ्यांना खाली उतरवीन."

"हो आक्का."

"आणि चपला जिन्यात."

"हो आक्का," पाच आवाज एकदम आले.

आठ दिवसांत त्या कोपऱ्याचे रूपच पालटले. पुठ्ठ्याचा बाण तारेवर फिरू लागला. चार कागदी पेले रिळावर गरगरू लागले. त्यांतल्या एकाला लाल रंग दिला होता आणि तो मिनिटाला किती वेळा समोरून जातो, हे मुले ओरडून मोजत. कापलेल्या बाटलीवर पावसासाठी पट्टी चिकटवली होती. कठड्यावर बाटल्यांत गढूळ पाणी ठेवले होते. बैरागांच्या रानातली काळी माती, ओढ्याकाठची वाळू आणि टेकडीवरचा मुरूम एकत्र हलवून ठेवला, की कोण आधी तळ गाठतो, हे पाहायला शालनही, म्हणजे माझी सूनबाई, हातातली उलथनी घेऊन वर जाऊन आली होती.

सर्वांत नाजूक वस्तू मात्र वैजूने गच्चीवर ठेवली नाही. ती काचेची बरणी होती. तिच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधलेले, रबराच्या मधोमध गव्हाची एक लांब काडी चिकटवलेली आणि काडीच्या टोकामागे उभा पुठ्ठा. पुठ्ठ्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या.

"हवेला वजन असतं, आक्का," ती मला समजावून सांगू लागली. मला कोणी काही समजावून सांगावे, अशी वेळ फार वर्षांनी आली होती. "ती सगळीकडून दाबत असते. वादळ-पाऊस यायचा असला, की तिचा जोर कमी होतो. मग बरणीच्या आतली हवा रबराला वर ढकलते आणि काडीचं टोक खाली जातं. एक रेघ खाली गेली, तरी लक्ष ठेवायचं."

"मग ही तिथे गच्चीवर का नको?"

"हिला अंधारी, थंड, शांत खोली लागते. तुमच्या कोठीसारखी. आणि हिला हलवायचं नाही हं, आक्का."

"माझ्या कोठीत माझ्या शब्दावाचून मुंगी हलत नाही," मी म्हणाले. तांदळाच्या पिंपाशेजारची फळी मी स्वतः पुसून दिली.

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता वैजू येई, पाय धुई, कोठीत शिरे, फळीपुढे गुडघ्यांवर बसे आणि एक डोळा मिटून काडीचे टोक पाही. मग वहीत लिही. मग कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या काळ्या फळ्यावर खडूने मजकूर येई. 'वारा पश्चिमेचा. लाल पेला मिनिटाला बावीस वेळा. दाब जागेवर. पाऊस नाही.' बायका येता-जाता वाचत आणि पदरात हसत.

एके दिवशी फळ्यावर आले, 'दाब एक रेघ खाली. संध्याकाळी वळीव येण्याचा संभव.' आभाळ तर स्वच्छ होते. घोडकेबाई तेवढ्या म्हणाल्या, "चला, उचलून घेऊ, पोरीची हौस." सहाच्या सुमारास बार्शीवर असा वळीव कोसळला, की नदाफांच्या अंगणातली बाजही वाहून गेली. ज्यांनी उचलले नव्हते, त्यांच्या कुरडयांचे पिठले झाले.

त्या दिवसापासून फळा वाचल्याशिवाय चादर पसरण्याची पद्धत राहिली नाही. भाजीवाल्याशी घासाघीस करताना बायका म्हणू लागल्या, "वैजू काय म्हणते आज?" ती रस्त्याने जाताना दोन्ही वेण्या पाठीवर टाकून ताठ चालू लागली. तिचे ते चालणे पाहायला मला खिडकीशी काही ना काही काम निघे.

अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आठवडा माझ्या घरी मोठ्या धांदलीचा असतो. वर्षाचे जिन्नस भरण्याआधी कोठी रिकामी करायची, सारवायची, पिंपे-बरण्या धुऊन-पुसून त्यांना ऊन दाखवायचे आणि मगच पुन्हा आत घ्यायच्या. त्या बुधवारी हीच गडबड होती. शिवाय गच्ची बाराही घरांच्या वाळवणांनी भरलेली. घोडकेबाईंच्या सुमनचे लग्न ठरले होते. तिच्या रुखवताच्या एकावन्न रंगीत कुरडया पहाटे आम्ही चौघींनी घातल्या होत्या. दुपारी पावणेचारला मी शेवटची बरणी कोठीत जागच्या जागी ठेवली आणि हात धुतच होते, एवढ्यात वैजू आली.

ती आत गेली, ती लगेच बाहेर आली नाही. आली तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"आक्का, दोन रेघा खाली आहे."

"म्हणजे?"

"त्या दिवशी एक होती, तर एवढा पाऊस. आज दोन. मी तीनदा बघितलं."

मी गच्चीवर चढून कठड्याशी जाऊन आभाळाकडे पाहिले. दूर बालाघाटाच्या डोंगरांच्या अंगाला थोडी धूसर रेघ होती. ती रोजच असे. पण एकदा आभाळ मानून बायका फसल्या होत्या. मी पदर खोचला आणि वरूनच हाक दिली, "घोडकेबाई! बैरागकाकू! सगळ्या वर या. वाळवण काढायचे आहे. आत्ताच्या आत्ता!"

बारा घरांच्या बायका गच्चीवर धावल्या. अर्धी ओली सालपापडी चादरीसकट गुंडाळली गेली. कच्च्या कुरडया ताटांत रचल्या, त्या दाबल्या, मोडल्या. सांडगे एकमेकांना चिकटले. मी मधोमध उभी राहून आज्ञा देत होते आणि वैजू जिन्यात उभी राहून प्रत्येकीला वाट करून देत होती.

पाऊस आला नाही. सहा वाजले, सात वाजले. आभाळ असे लखलखीत राहिले, की अंगणात बाजा टाकून लोकांनी चांदण्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गच्चीवर बैठक भरली. खुर्ची अर्थातच माझी.

"माझ्या सुमनच्या रुखवताच्या कुरडया, आक्का!" घोडकेबाईंनी ताट पुढे केले. "एकावन्नातल्या नऊ उरल्या. बाकीचा हा चुरा. विहिणीपुढे काय परातीत भुगा मांडू?"

"उपकरण घरगुती आहे," शेटेसर हात जोडून म्हणाले. "चूक होऊ शकते. पण वैजूची नोंद प्रामाणिक आहे."

"प्रामाणिक आहे हो सर, आम्ही कुठं नाही म्हणतोय? पण पोरीच्या नोंदीपायी बारा घरांचं वर्षाचं खाणं गेलं, त्याचं काय?"

"काडी दोन रेघा खालीच होती," वैजू म्हणाली.

"मग पाऊसपण तुझ्या रेघांनीच पाडायचा होता ना!" कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्या हसल्या.

सरांनी माझ्याकडे पाहिले. "आक्का, बरणीला काल कोणाचा धक्का वगैरे लागला होता का?"

"माझ्या कोठीत धक्के लागत नाहीत, सर," मी म्हणाले. ते माझ्या लेखी सत्य होते.

मी वैजूला घेऊन कोठीत गेले. बायका दारात दाटल्या. काडीचे टोक बरोबर मधल्या जाड रेघेवर होते.

"आता कुठे आहे?" मी विचारले.

"आता... जागेवर आहे."

"पाऊस पडून गेल्यावर चढते, असे तूच सांगितले होतेस. पाऊस तर पडला नाही."

तिने पुन्हा एक डोळा मिटून काडीकडे पाहिले.

"म्हणजे काल जे दिसले, ते तुझ्याच डोळ्यांना दिसले," मी म्हणाले. "फळा पूस, वैजू. गच्चीवरचे सामान संध्याकाळपर्यंत खाली ने. वाळवणे संपेपर्यंत हा खेळ पुरे."

तिने माझ्याकडे पाहिले, रडली नाही. पायऱ्या उतरली, कोपऱ्यावर गेली आणि फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात पोचेना, म्हणून उड्या मारून मारून तिने तो पुसला. ते मी खिडकीतून पाहिले. त्या वेळी मला वाटले, शिस्त लागली.

संध्याकाळी मुले सामान न्यायला आली. बाण, पेले, बाटल्या गेल्या. बरणी घ्यायला वैजू एकटीच कोठीत आली. तिने बरणी दोन्ही तळव्यांत धरली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"हे तुम्हालाच असू दे, आक्का. मला नको."

"का?"

"मला नीट दिसत नाही."

ती जमिनीकडे पाहत होती. मी बरणीकडे पाहत होते. तिच्या कोवळ्या, उकाड्याने तापलेल्या तळव्यांमध्ये ती काचेची बरणी तशीच होती आणि काडीचे टोक, माझ्या डोळ्यांदेखत, मधल्या रेघेवरून खाली सरकत होते. अगदी सावकाश, पण सरकत होते.

मी बरणी घेतली. ती गेली.

स्वयंपाकघरात शालन भाकरीची तयारी करत होती. मी बरणी ओट्यावर शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवली आणि पाटावर बसले. तवा तापला. काडी खाली चालली. अर्धी रेघ. एक रेघ. दीड.

"आई, काडी खाली जातेय," शालन म्हणाली.

"दिसते आहे मला."

तिने तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडले. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "काल आपण बरण्यांना ऊन दाखवलं, तेव्हा हीपण..."

"शालन, भाकरी करपते आहे."

"भाकरी अजून थापायचीय, आई."

मला तो बुधवार लख्ख आठवला. कोठीतल्या चौदा बरण्या मी एकेक करून उन्हात मांडल्या होत्या. पंधरावी ही. शालनने विचारलेही होते, "पोरांची पण?" आणि मी म्हणाले होते, "माझ्या कोठीत राहते ना? मग तिला का वगळायचे? आत दमट हवा कोंडली असेल बिचारीच्या. दाखव तिलाही चार घटका ऊन." प्रेमाने म्हणाले होते. अकरापासून ती बरणी बार्शीच्या वैशाखात तापली. पावणेचारला मी ती उचलली, फळीवर होती त्याच खुणेवर केसभराचाही फरक न करता ठेवली आणि तिला हलवले, असे मला क्षणभरही वाटले नाही. बरणीला ऊन दाखवणे हे काही करणे नव्हे. ते घर चालवणे होय.

आतली हवा तापून फुगली होती. पोरीला दोन रेघा दिसल्या, कारण त्या दोन रेघाच होत्या.

"सांगायला हवं, आई," शालन म्हणाली. चौदा वर्षांत तिने मला 'हवं' हा शब्द पहिल्यांदा ऐकवला.

"मला कळते काय हवे ते."

कळत होते, पण त्या रात्री मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मूल आहे, चार दिवसांत विसरेल, असे मी स्वतःला सांगत होते. घोडकेबाईंसमोर, बैरागकाकूंसमोर, ज्यांच्या सुनांना मी वीस वर्षे धडे दिले त्यांच्यासमोर, मी काय म्हणून उभी राहणार होते? शालनने पुन्हा विषय काढला नाही. ती फक्त दर वेळी ओटा पुसताना बरणी उचले आणि पुन्हा तिथेच, माझ्या नजरेसमोर ठेवी.

शनिवारी सकाळी मी पूजेला बसले होते, तेव्हा ती देवघराच्या दारात आली.

"शेटेसर वैजूला घेऊन सोलापूरला निघालेत. आठच्या एस.टी.ने."

"आईला भेटायला?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पोरगी दोन दिवस काही वाचत नाही म्हणे. घड्याळात किती वाजले, तेसुद्धा सरांनाच विचारते. म्हणते, मला जे दिसतं ते खरं नसतं, आक्कांनी सांगितलंय."

मी हातातली पळी ताम्हनात ठेवली.

"किती वाजले?"

"आठला दहा कमी."

मी उठले. ओट्यावरची बरणी उचलली आणि पदराखाली घेतली.

"आई, पूजा अर्धी आहे."

"देव थांबतील. एस.टी. थांबत नाही. चपला दे."

कॉलनीच्या फाटकापासून एस.टी.चा थांबा चारशे पावलांवर. त्या रस्त्याने मी कधी घाईने चालले नव्हते. मी येते आहे, हे कळून लोक वाट करून देत आणि मी सावकाश जात असे. त्या दिवशी बैरागकाकू सडा टाकता टाकता थांबल्या, नदाफांचा बकरा रस्त्यातून पळाला आणि माझा अंबाडा मानेवर आला. बस थांब्यावर उभीच होती. शेटेसर दाराशी होते आणि वैजू पहिल्या पायरीवर चढलेली. तिच्यामागे घोडकेबाई सुमनच्या साड्या घ्यायला निघाल्या होत्या.

"वैजू, खाली उतर," मी म्हणाले.

सगळे वळून पाहू लागले. "आक्का?" सर घाबरले. "काय झालं? घरी सगळं..."

"घरी सगळे ठीक आहे. हिच्या डोळ्यांना काही झालेले नाही. बुधवारी काडी दोन रेघा खालीच होती."

माझा श्वास लागला होता. कंडक्टरने दारातून डोके बाहेर काढले. "बाई, चढायचंय की उतरवायचंय? टाइम झालाय."

"तुमचा टाइम मी खात नाही. एक मिनिट गप्प बसा," मी म्हणाले, आणि तो खरेच गप्प बसला. मी बरणी पदराबाहेर काढली. "बुधवारी सकाळी मी ही बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. बाकीच्या बरण्यांबरोबर. ती तापली, आतली हवा फुगली आणि काडी खाली गेली. मग मी ती जशीच्या तशी फळीवर ठेवून दिली. पोरीने जे होते, तेच वाचले. चूक माझी आहे, सर. तिची नाही."

एवढे बोलायला मला अठ्ठावन्न वर्षे लागली होती. बोलून झाल्यावर काय करायचे असते, हे मला ठाऊक नव्हते.

घोडकेबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या हसतील, असे मला वाटले. त्या म्हणाल्या, "तुम्ही, आक्का?"

"होय, मी. तुमच्या एकावन्न कुरडया मी करून देते. सोमवारी पहाटे या. आणि बाकीच्यांना काय झाले, ते मीच सांगणार आहे. तुम्ही घाई करू नका."

"बाई..." कंडक्टर दबक्या आवाजात म्हणाला.

शेटेसरांनी वैजूच्या खांद्यावर हात ठेवला. ती पायरीवरून खाली उतरली, माझ्यापुढे उभी राहिली आणि बरणीकडे पाहू लागली. मग माझ्याकडे. मी लेकराच्या डोळ्यांत कृतज्ञतेची अपेक्षा करत होते, हे आता लिहायला हरकत नाही. तिथे कृतज्ञता नव्हती.

"किती वाजता ठेवलीत उन्हात?" तिने विचारले.

"सकाळी."

"सकाळी म्हणजे?"

"अकराच्या सुमारास."

"सुमारास नको, आक्का."

मी आठवून पाहिले. "अकराला पाच कमी होते. शालनने दूधवाल्याला आवाज दिला होता, तो पावणेअकराला येतो, आणि त्यानंतर मी दोनदा जिना चढले."

"आणि काढलीत कधी?"

"पावणेचारला. हे नक्की."

तिने फ्रॉकच्या खिशातून पेन्सिल काढली. कागद नव्हता. तिने सरांचे एस.टी.च्या सुट्ट्या पैशांचे कागदी पाकीट ओढून घेतले आणि त्याच्या पाठीवर लिहिले. बारीक अक्षर होते. मला वाचता आले नाही, तिला मात्र लिहिता येत होते. लिहून झाल्यावर मान वर केली.

"मी बरणी परत द्यायला आले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

सर म्हणाले, "वैजू, असं विचारू नये."

"विचारू द्या," मी म्हणाले. "तू आली होतीस तेव्हा नाही, पण तू गेल्यावर घटकाभराने कळले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

माझ्याकडे बरीच उत्तरे होती. वय, मान, पुढच्या पिढ्यांपुढचे उदाहरण. चारशे पावले चालताना मी ती सगळी जुळवून आणली होती.

"लाज वाटली," मी म्हणाले.

"कोणाची?"

"आधी सगळ्यांची. मग तुझी."

तिने ते ऐकून घेतले. माफ केले म्हणाली नाही, रागही धरला नाही. एखादी नोंद तपासून पाहावी, तशी ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बरणी माझ्या हातांतून काढून घेतली. "तुमचे हात गरम आहेत," म्हणाली आणि ती थांब्याच्या छपराच्या सावलीत जमिनीवर ठेवली.

घोडकेबाई बसमध्ये चढल्या. चढता चढता त्यांनी खाली वाकून वैजूच्या गालाला हात लावला. "पोरी, फळ्यावर खडू ठेव गं," म्हणाल्या. कंडक्टरने घंटा ओढली, दार आपटले आणि बस सोलापूरच्या सरळ रस्त्याला लागली.

सर म्हणाले, "चला, घरी जाऊ."

वैजू हलली नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून बसच्या पाठीकडे पाहत होती. मग तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी बसचा क्रमांक, एकेक आकडा सुटा करून. मग त्याखालची अक्षरे. मग मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने काढलेले नाव. बस ओढ्याच्या पुलापर्यंत गेली.

"आता?" मी विचारले.

"आता खिडकीतून घोडकेकाकूंची हिरवी पिशवी दिसतेय."

बस पुलापलीकडे चढाला लागली.

"आता?"

"आता मागच्या दिव्याला तडा गेलाय, तो."

मला बस केव्हाच दिसेनाशी झाली होती. रस्त्यावर नुसते ऊन नाचत होते. मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि पुन्हा विचारले.

"आता?"

"दिसतेय," वैजू म्हणाली. "अजून दिसतेय, आक्का."